जुम्म्याची दुपार

‘जुम्मा जुम्मा आठ दिवस’ हा वाक्प्रचार मराठी घरांत इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना त्यांत एका उपासनेचा वार दडलेला आहे ह्याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. एका जुम्म्यापासून दुसऱ्या जुम्म्यापर्यंतचा काळ, म्हणजे अगदीं काल-परवांची गोष्ट. मराठीनें ह्या वाराला नांव दिलें तें आकाशांतल्या शुक्र ग्रहावरून. अरबीनें त्याच वाराला नांव दिलें तें माणसांवरून. ‘जुमा’ म्हणजे जमणें, एकत्र येणें. ‘जमा’, ‘जमात’, ‘जमाबंदी’ हे रोजच्या व्यवहारांतले शब्द त्याच धातूचीं लेंकरें आहेत, आणि गांवांतली मोठी मशीद ‘जामा’ म्हणविते तीहि त्यामुळेंच.

सोलापूरच्या जुन्या वस्तींत मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या पेठा आहेत. पेठांना वारांचीं नांवें देण्याची ही दख्खनची जुनी रीत. पुण्यांतहि ती आहे. पेठ म्हणजे बाजार. तेव्हां ‘शुक्रवार पेठ’ ह्या दोन शब्दांत एक वार आणि एक बाजार शेजारीं शेजारीं बसले आहेत. आणि हें शेजार इस्लामच्या मूळ ग्रंथांतहि आहे. कुराणाच्या ६२ व्या सूरेचें नांवच ‘अल्-जुमा’. तिच्या नवव्या व दहाव्या आयतींचा आशय असा कीं, शुक्रवारच्या नमाजाची हांक आली म्हणजे क्रय-विक्रय सोडून ईश्वरस्मरणाकडे त्वरा करावी. आणि नमाज आटोपला म्हणजे पुन्हा पांगावें व ईश्वराच्या कृपेचा शोध घ्यावा. हा ‘शोध’ म्हणजे पोटापाण्याचा उद्योग, असाच अर्थ बहुतेक भाष्यकारांनीं लाविला आहे. यहुदी लोकांच्या शब्बाथासारखा हा विश्रांतीचा वार नव्हे. दुकान आधीं उघडें असलें पाहिजे, तरच तें बंद करण्याला कांहीं अर्थ. सकाळीं धंदा, दुपारीं तासाभराचा खंड, पुन्हा धंदा असें ह्या वाराचें रूप आहे.

ह्या तासाभराच्या खंडावर पुढें अनेकांनीं हक्क सांगितला. राजांनीं त्यांत आपलें नांव गुंफलें, धर्मशास्त्र्यांनीं त्याला अटी घातल्या, गिरण्यांनीं त्यावर भोंगे वाजविले. सोलापूर हें आधीं सरहद्दीवरच्या किल्ल्याचें गांव आणि मग गिरण्यांचें शहर; त्यामुळें ही ओढाताण येथें विशेष ठळकपणें दिसते.

इ. स. ६२२ मध्यें पैगंबर मक्केहून मदिनेस निघाले. कुबा येथें कांहीं दिवस थांबून ते पुढें निघाले असतां वाटेंत बनू सालिम ह्या कुळाच्या वस्तींत त्यांनीं पहिला शुक्रवारचा सामुदायिक नमाज पढविला, असें परंपरा सांगते. लोकांना बोलवावें कसें, हा प्रश्न मदिनेंत लवकरच उभा राहिला. शिंग फुंकावें कीं लाकडी फळी वाजवावी, असा विचार झाला. अखेरीस माणसाच्या गळ्याचीच निवड झाली. पहिली हांक देण्याचा मान बिलाल ह्या हबशी गुलामगिरींतून मुक्त झालेल्या गृहस्थाला मिळाला. ह्या हांकेला अरबींत ‘अजान’ म्हणतात, पण मराठीनें फारसी शब्द पत्करला, ‘बांग’. आणि मोठ्या आपुलकीनें तो कोंबड्यालाहि देऊन टाकला. दख्खनच्या मुसलमानांत ‘बांगी’ हें आडनांव आहे, तें ह्याच कामावरून पडलेलें.

शुक्रवारच्या हांकेची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. आरंभीं इमाम व्यासपीठावर बसला म्हणजे एकच बांग दिली जाई. तिसरे खलीफा उस्मान (इ. स. ६४४ ते ६५६) ह्यांच्या वेळीं मदिना वाढली, माणसें बाजारांत गुंतूं लागलीं, आणि ती एक हांक वेळेवर पोंचेना. तेव्हां त्यांनीं आधीं एक जादा बांग देण्याची सोय केली, व ती मशिदींत न देतां ‘जौरा’ नांवाच्या जागीं, मदिनेच्या भर बाजारांत, दिली जाऊं लागली. आजहि शुक्रवारीं दोन बांगा होतात, त्यांतली पहिली ही अशी पेठेंत जन्मलेली आहे.

रोजचे नमाज पांच. पहाटेचा फजर, दुपारचा जोहर, तिसऱ्या प्रहरानंतरचा असर, सूर्यास्ताबरोबरचा मगरीब आणि रात्रींचा इशा. उभें राहून पठण, कमरेंत वांकणें, भूमीला मस्तक टेकणें असें एक आवर्तन म्हणजे ‘रकात’. पांच वेळांच्या आवश्यक रकाती अनुक्रमें दोन, चार, चार, तीन आणि चार, एकंदर सतरा. आधीं हात, तोंड, पाय धुऊन शुचिर्भूत व्हावें, म्हणजे ‘वजू’ करावा. तोंड मक्केकडे करावें. जागा स्वच्छ असावी. पुरोहित लागत नाहीं, मूर्ति लागत नाहीं, मशीदहि लागतेच असें नाहीं. शेताच्या बांधावर, गाडीच्या फलाटावर, मागाच्या शेजारीं सतरंजीचा तुकडा पुरतो.

पांचच वेळा कां, हा प्रश्न महाराष्ट्रांत फार पूर्वीं विचारला गेला आहे. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादां’त दोघे एकमेकांच्या आचारांचे वाभाडे काढतात, तेव्हां ह्या वेळांवरूनहि खटका उडतो, आणि शेवटीं दोघांचें समाधान होऊन संवाद संपतो. मुसलमानी परंपरेचें उत्तर मेराजच्या कथेंत आहे: स्वर्गारोहणाच्या वेळीं पन्नास नमाजांची आज्ञा झाली, पैगंबरांनीं पुन्हा पुन्हा विनंती करून ती पांचांवर आणली, पण पुण्य मात्र पन्नासांचेंच राहिलें.

संध्यावंदनाची संवय असलेल्या घरांना एक तुलना सहज सुचेल. पण साम्यापेक्षां तींतला भेद अधिक शिकविणारा आहे. संध्या करावयाची ती संधिकालीं. सूर्य उगवतांना अर्घ्य द्यावयाचें, मावळतांना द्यावयाचें. दिवसाचे सांधे हेच तिचे मुहूर्त. नमाजाला नेमके हेच क्षण वर्ज्य आहेत. सूर्यबिंब क्षितिजावर येत असतां, तें ठीक माथ्यावर असतां आणि तें बुडत असतां नमाजाला उभें राहूं नये, असा दंडक आहे. सूर्योपासनेचा भास सुद्धां होऊं नये हें त्याचें कारण परंपरेनें दिलें आहे. मग ह्या उपासनेनें सूर्याला टाळलें काय? मुळींच नाहीं. पांचहि वेळा सूर्यावरूनच ठरतात. मान नमवावयाची नाहीं, पण वेळ मात्र त्यालाच विचारावयाची.

ही विचारपूस फार बारकाईची असते. मध्यान्हीं काठीची सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढूं लागली कीं जोहर लागतो. असरच्या बाबतींत शास्त्रांत मतभेद आहे. मध्यान्हाची सावली वजा करून काठीची सावली काठीएवढी झाली कीं असर लागतो, असें शाफई पंथ मानतो. इमाम अबू हनीफांच्या मतें ती काठीच्या दुप्पट व्हावी लागते. कोंकणांतले बहुतेक मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळें सोलापुराच्या अक्षांशावर विषुवदिनाच्या सुमारास ह्या दोन असरांत जवळजवळ एक तासाचें अंतर पडतें. मे महिन्याच्या ११ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभीं सोलापुरांत मध्यान्हीं सावली उरतच नाहीं. त्या दिवशीं वजा करावयालाहि कांहीं नसतें.

घड्याळ ह्या हिशेबांत मागाहून आलें, आणि त्यानें थोडा घोटाळाच केला. सोलापूर पूर्व रेखांश ७५ अंश ५४ कलांवर आहे. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंशांच्या रेखेवर चालते. म्हणजे घड्याळांत बारा वाजले तरी सोलापुरांत सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीनें आणखी २६ मिनिटें लागतात. सरासरीनें म्हणावयाचें कारण, सूर्यहि घड्याळासारखा नियमित नाहीं: नोव्हेंबरच्या आरंभीं सोलापूरचें मध्यान्ह १२ वाजून १० मिनिटांनीं होतें, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास १२ वाजून ४० मिनिटांनीं. रेल्वे १८६० मध्यें सोलापुरास आली. पुढें आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालूं लागल्या, तेव्हां हा फरक सुमारें सतरा मिनिटांचा होता. १९०६ च्या त्या नववर्षदिनीं घड्याळ आणखी नऊ मिनिटें पुढें सरकलें. बांग देणाऱ्याच्या सूर्यानें त्याची दखल घेतली नाहीं.

दिशेचा हिशेबहि असाच. दख्खनच्या कित्येक जुन्या मशिदी सरळ पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि हिंदुस्थानांत मक्का पश्चिमेस असें ढोबळपणें म्हटलें जातें. पण पृथ्वी गोल आहे हें ध्यानांत घेऊन काढलेली सोलापूरची नेमकी दिशा पश्चिमेच्या बारा अंश उत्तरेस येते. अंतर सुमारें ३,८०० किलोमीटर. ही दिशा यंत्राशिवाय पाहण्याची एक युक्ति आहे. दरवर्षीं २८ मेच्या सुमारास मक्केंत सूर्य भर मध्यान्हीं काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो. त्या वेळीं आपल्या घड्याळांत २ वाजून ४८ मिनिटें झालेलीं असतात. जुलैच्या १६ तारखेच्या सुमारास पुन्हा तसेंच होतें, तेव्हां २ वाजून ५७ मिनिटें. ज्यांना हौस आहे त्यांनीं अंगणांत काठी उभी करून पाहावें: त्या क्षणीं सावलीच्या टोंकाकडून काठीच्या बुंध्याकडे जी रेघ जाते तीच मक्केची दिशा. मात्र एवढा नेमकेपणा धर्मशास्त्रानें मागितलेला नाहीं. दूरच्या माणसानें त्या बाजूस तोंड केलें कीं झालें, असें हनफी शास्त्री म्हणतात.

येथपर्यंतची सारी गोष्ट एकट्या माणसाची आणि सूर्याची आहे. शुक्रवारीं ती बदलते. त्या दिवशीं जोहरच्या चार रकातींच्या जागीं दोनच रकाती, पण त्यांच्या आधीं इमामानें उभें राहून दोन भागांत प्रवचन करावयाचें, मध्यें क्षणभर बसावयाचें. हें प्रवचन म्हणजे ‘खुतबा’; तें करणारा तो ‘खतीब’, आणि खतीब हेंहि दख्खनचें आडनांव आहे. रोजचा नमाज चुकला तर मागाहून तोच पढतां येतो. जुमा चुकला तर तो भरून येत नाहीं. त्याच्या जागीं साधा चार रकातींचा जोहर पढावा लागतो. आणि तो एकट्यानें पढतांच येत नाहीं. शाफई मतानें गांवचे रहिवासी असलेले चाळीस पुरुष लागतात. अबू हनीफांच्या मतें इमामाखेरीज तिघे पुरेत, पण त्यांनीं दुसऱ्या अटी कडक ठेविल्या. जागा शहर असावी, खेडें नसावें; दार सर्वांना खुलें असावें; आणि राजा किंवा त्यानें नेमलेला माणूस असावा.

ह्या अटींनीं दख्खनच्या खेड्यापाड्यांवर खोल ठसा उमटविला. हनफी वळणाच्या लहानशा खेड्यांत मुलाणा असे, बलुत्यांत त्याचा वांटा असे, रोजचा नमाज होई. पण शास्त्रार्थ काटेकोर पाळावयाचा तर जुम्म्यासाठीं पेठेच्या गांवालाच जावें लागे. प्रत्यक्षांत सर्वत्र हें कसोशीनें पाळलें गेलें असें नाहीं. तरी बाजाराचें गांव आणि जुम्म्याचें गांव एकच असावें, ही कल्पना त्या नियमांत मुरलेली आहे.

राजाची अट मात्र नुसती कागदावर राहिली नाहीं. खुतब्याच्या दुसऱ्या भागांत राज्यकर्त्याचें नांव घेऊन त्याच्यासाठीं प्रार्थना करण्याची चाल फार जुनी. नाण्यावर नांव आणि खुतब्यांत नांव हीं सार्वभौमत्वाचीं दोन चिन्हें मानलीं गेलीं. वर्तमानपत्र नसलेल्या काळांत राज्य बदलल्याची वार्ता सामान्य माणसाला शुक्रवारच्या दुपारींच कानावर पडे. खतीबानें कोणाचें नांव घेतलें, एवढें ऐकलें कीं पुरे.

दख्खनमध्यें ह्या नांवांची उलथापालथ विलक्षण झाली. विजापूरच्या यूसुफ आदिलखानानें १५०२ मध्यें शिया पद्धतीचा, बारा इमामांच्या नांवांचा खुतबा सुरू केला. १५१० मध्यें त्याचा मृत्यु होतांच राज्य सांभाळणाऱ्या कमालखानानें सुन्नी खुतबा परत आणला. इस्माईल आदिलशहानें पुन्हा शिया पद्धत स्वीकारली आणि इराणच्या सफवी घराण्यासाठींहि शुक्रवारीं प्रार्थना करविली, असें फिरिश्ता लिहितो. १५३४ मध्यें पहिला इब्राहीम गादीवर आला. त्यानें बारा इमामांचीं नांवें काढलीं. (ह्याच इब्राहीमनें महसुलाचे दप्तर फारसीऐवजीं देशी भाषेंत ठेवविलें, हें मराठी वाचकांना ठाऊक असतें, खुतब्यांतील फेरफार तेवढा ठाऊक नसतो.) १५५८ मध्यें पहिला अली आला, त्यानें तीं नांवें परत घातलीं. १५८० नंतर दुसऱ्या इब्राहीमच्या कारकीर्दींत तीं पुन्हा गेलीं. ऐंशी वर्षांच्या आंत एकाच राज्याच्या मिंबरावरून इतक्या वेळां भाषा बदलली. तिकडे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानेंहि १५३७ च्या सुमारास शिया पंथ पत्करला होता.

सोलापूरचा किल्ला ह्या दोन राज्यांच्या मधोमध. १५२४ मध्यें सोलापूर येथेंच इस्माईल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहास दिली गेली; हुंडा म्हणून सोलापूर देण्याचें ठरलें होतें असें निजामशाहीचें म्हणणें, आणि विजापूरकरांनीं तें मान्य केलें नाहीं. त्या एका वादावरून पुढें किती लढाया झाल्या! तालिकोटच्या लढाईपूर्वीं दोन्ही घराण्यांचें सूत पुन्हा जुळलें, चांदबिबी अली आदिलशहास दिली गेली आणि सोलापूर तिच्याबरोबर विजापुरास गेलें. १६२५ मध्यें मलिक अंबरानें तें पुन्हा निजामशाहीसाठीं जिंकलें. १६३६ च्या तहानें शहाजहाननें तें विजापुरास दिलें. १६६८ च्या तहानें विजापूरनें तें मोगलांना दिलें. ज्याचा किल्ला त्याचा खुतबा, हा त्या काळचा रिवाज लक्षांत घेतला म्हणजे सोलापूरच्या विणकरानें, सराफानें, शिपायानें आपल्या आयुष्यांत किती वेगवेगळ्या नांवांवर ‘आमीन’ म्हटलें असेल ह्याचा अंदाज येतो. त्याच १६३६ सालीं गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून शहाजहाननें लिहून घेतलेल्या कबुलींत बारा इमामांचीं नांवें गाळावीं व बादशहाचें नांव घालावें हें कलम होतें. खंडणीच्या आंकड्याइतकेंच त्याला महत्त्व होतें.

ह्या सत्तेनें शुक्रवारासाठीं बांधलेल्या वास्तु सोलापुराहून फार दूर नाहींत. गुलबर्ग्याच्या किल्ल्यांतली १३६७ ची मशीद उघड्या अंगणाऐवजीं घुमटांनीं पूर्ण आच्छादलेली, ही हिंदुस्थानांत दुर्मिळ गोष्ट. विजापूरची जामा मशीद पहिल्या अलीनें तालिकोटच्या विजयानंतर उभारण्यास घेतली. तिच्या जमिनीवर एकेका नमाजीपुरते चौकोन आंखलेले आहेत, सव्वादोन हजारांच्या आसपास. राजाच्या नांवाचा खुतबा होत असला तरी ह्या चौकोनांत सरदाराचा मोठा आणि भिस्त्याचा लहान असा भेद नाहीं. सगळ्यांचें माप एक.

औरंगजेब १६८५ च्या मे महिन्यांत सोलापुरास येऊन राहिला आणि तेथून त्यानें विजापूरच्या वेढ्याचीं सूत्रें हालविलीं. सप्टेंबर १६८६ मध्यें विजापूर पडलें. आदिलशाहीचें नांव मिंबरावरून कायमचें उतरलें. पुढें १६९५ ते १६९९ त्याची छावणी भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस, आजच्या सोलापूर जिल्ह्यांतच, होती. त्यानंतर निजाम आला, पेशवे आले, आणि १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला.

आणि आतां शास्त्र्यांपुढें खरा पेंच पडला. राजा मुसलमान नाहीं. मग जुमा होतो कीं नाहीं? हा प्रश्न एकट्या सोलापूरचा नव्हता, साऱ्या हिंदुस्थानचा होता. बंगालमध्यें हाजी शरियतुल्ला ह्यांच्या फरायजी पंथानें रोखठोक उत्तर दिलें: होत नाहीं. त्या पंथाच्या लोकांनीं शुक्रवारचा आणि ईदचा सामुदायिक नमाज बंद ठेविला, आणि ही बंदी १९४७ पर्यंत चालली. शंभराहून अधिक वर्षें त्यांचे शुक्रवार इतर वारांसारखेच गेले. ह्याउलट कलकत्त्यास नोव्हेंबर १८७० मध्यें मौलवी करामत अली जौनपुरी ह्यांनीं प्रतिपादिलें कीं, इंग्रजी अमलांतहि हा देश इस्लामचाच देश समजावा आणि जुमा चालू राहावा. बहुतेकांनीं मधला मार्ग घेतला. मुसलमान राजा नसेल तेथें लोकांनीं आपसांत संमतीनें इमाम नेमावा, तेवढ्यानें जुमा साधतो, असें पूर्वीच्या हनफी ग्रंथकारांनीं लिहून ठेविलेंच होतें. तरीहि मनांत किंतु राहिलेले लोक दोन रकातींचा जुमा पढून झाल्यावर खबरदारी म्हणून चार रकातींचा जोहरहि पढत. एका दुपारीं दोन नमाज: एक श्रद्धेचा आणि एक शंकेचा.

राजाची जागा लोकांच्या संमतीनें घेतली, ही क्रांति फारसा गाजावाजा न होतां झाली. सरकारहि ह्या बाबतींतून अंग काढूंच पाहत होतें. १८६४ च्या अकराव्या कायद्यानें काजी नेमण्याची सरकारची जबाबदारी संपविली. मग लग्न, तलाक, उत्सव ह्यांची अडचण होऊं लागली, तेव्हां १८८० मध्यें काजींचा नवा कायदा करून लोकांच्या इच्छेनें काजी नेमण्याची सोय पुन्हा केली गेली. पण त्यांत काजीला न्यायाधिकार दिला नाहीं.

खुतब्यांतली नांवाची जागा मात्र रिकामी राहिली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतल्या कितीतरी मशिदींत तुर्कस्तानच्या सुलतानासाठीं, खलीफा ह्या नात्यानें, प्रार्थना होऊं लागली. ज्या सुलतानाला कोणी पाहिलें नव्हतें, ज्याची सत्ता ह्या देशावर कधींच नव्हती, त्याचें नांव दर शुक्रवारीं कानावर पडे. पहिल्या महायुद्धांत तुर्कस्तान हरलें तेव्हां ह्या नांवाचें वजन समजलें. १७ ऑक्टोबर १९१९ हा दिवस खिलाफत दिन म्हणून उपास, प्रार्थना आणि हरताळ ह्यांनीं देशभर पाळला गेला. तो शुक्रवार होता. गांधीजींनीं त्याला पाठिंबा दिला आणि पुष्कळ हिंदूंनींहि दुकानें बंद ठेविलीं. दुकानें बंद करण्याचा तो जुना शुक्रवारचा खंड त्या दिवशीं तासाचा न राहतां दिवसाचा झाला. पण ३ मार्च १९२४ रोजीं तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेनें खिलाफतच रद्द केली, आणि खतीबांना तें नांव गाळावें लागलें. तेथून पुढें ह्या देशाच्या मशिदींत जिवंत राजाचें नांव घेण्याची चाल बहुतांशीं उरली नाहीं.

राजे गेले तसे मालक आले. सोलापुरांतली पहिली कापडगिरणी, पुढें जिला सारे ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले, १८७७ मध्यें सुरू झाली. मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णु, जाम अशा एकामागून एक गिरण्या निघाल्या. ह्या गिरण्या आज चालू नाहींत, परंतु त्यांनीं शहराच्या दिवसाला जें वळण दिलें तें मोठें होतें. घरच्या मागावर विणणारा पद्मशाली किंवा मोमीन आपल्या वेळेचा धनी होता. खड्ड्यांत सोडलेले पाय वर घ्यावे, हात धुवावे, नमाज पढून यावें. राहिलेलें कापड रात्रीं दिव्यावर विणावें. गिरणींत तसें नव्हतें. तेथें चाक वाफेवर फिरे आणि माणूस भोंग्यावर.

मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीनें जून १८९० मध्यें रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें आठवड्याची एक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति सर्वत्र बंधनकारक केली. सुटी रविवारची ठरली. तो खंडोबाचाहि वार, ख्रिस्त्यांचाहि वार. मुसलमान कामगाराला शुक्रवार कामाचाच राहिला. शास्त्रदृष्ट्या त्यांत वांकडें कांहींच नव्हतें, कारण शुक्रवार सुटीचा वार कधीं नव्हताच. अडचण होती ती अर्ध्या तासाची. जोहरला पुष्कळ अवकाश असतो, असर लागेपर्यंत केव्हांहि पढावा. जुमा एका ठराविक घटकेला, सगळ्यांबरोबर, मशिदींत. हात धुऊन, चालत जाऊन, खुतबा ऐकून, दोन रकाती पढून अर्ध्या तासांत सांच्यावर परत यावयाचें, आणि पोटांत भाकरहि घालावयाची! मध्यान्ह होण्यापूर्वीं विश्रांति सुटली तर जुमा लागलेलाच नसे. घड्याळाच्या बारा आणि सूर्याच्या बारा ह्यांच्यामधलीं तीं दहा ते चाळीस मिनिटें विद्वानाला गणिताचीं वाटतात; कामगाराला तीं पगाराचीं होतीं.

स्त्रियांचा प्रश्न ह्याहून जुना. जुमा स्त्रियांवर, प्रवाशांवर, आजाऱ्यांवर बंधनकारक नाहीं. पैगंबरांच्या मशिदींत स्त्रिया नमाजाला येत असत ह्याबद्दल परंपरेंत दुमत नाहीं. पुढच्या हनफी शास्त्र्यांनीं मात्र त्यांनीं घरींच पढावें हें बरें मानलें, आणि दख्खनच्या बहुतेक मशिदींत तीच वहिवाट पडली. रोजच्या पांच नमाजांचा खरा मुक्काम त्यामुळें घरांत राहिला. पहाटे कोणाला उठवावयाचें, सतरंजी कोठें पसरावयाची, मुलाला पहिली सूरा केव्हां शिकवावयाची, हें सारें बायकांच्या हातीं. २०१९ मध्यें पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्यानें स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानें २०२० मध्यें न्यायालयाला लेखी कळविलें कीं, स्त्रियांना मशिदींत नमाज पढण्यास धर्माची मनाई नाहीं, मात्र जुमा त्यांच्यावर बंधनकारक नाहीं. हें म्हणणें नवें नव्हतें. तें न्यायालयांत मांडावें लागलें हें नवें.

ध्वनिवर्धकाची गोष्ट अलीकडची. हें यंत्र आलें तेव्हां कित्येक मौलवींनीं त्याला हरकत घेतली होती, यंत्रांतून आलेला आवाज हा इमामाचाच आवाज कीं दुसराच, अशी शंका काढली होती. पुढें शंका मावळली आणि कर्णे उंच चढले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्यास सांगितलें. सोलापुरांत फजरची वेळ जूनमध्यें साडेचारच्या आणि जानेवारींत पावणेसहाच्या सुमारास लागते. म्हणजे वर्षांतला एकहि दिवस असा नाहीं कीं ती सहानंतर लागेल. तेव्हां पहाटेची बांग नियमानें पुन्हा बिलालच्या पद्धतीवर, म्हणजे नुसत्या गळ्यावर येते. बाकीच्या चार वेळांना तसा काळाचा अडथळा नाहीं. तेथें आवाजाची मर्यादा आहे.

आजच्या बहुतेक मशिदींत भिंतीवर एक फळा टांगलेला असतो. त्यावर सहा घड्याळें असतात, चालणारीं नव्हेत. त्यांचे कांटे हातानें फिरवावयाचे. पांच घड्याळें रोजच्या नमाजांचीं. मगरीबचा कांटा सूर्यास्तामागें धांवत असतो, त्यामुळें तो चार-आठ दिवसांनीं हलवावा लागतो. फजरचाहि ऋतूप्रमाणें सरकतो. सहाव्या घड्याळाखालीं ‘जुमा’ असें लिहिलेलें असतें. मध्यान्ह बारा-दहाच्या आधीं नाहीं आणि बारा-चाळीसच्या पुढें नाहीं, हें ठाऊक असल्यामुळें एक किंवा दीडची वेळ एकदां ठरविली कीं तो कांटा बहुधा वर्षभर तसाच राहतो. आणि दुकानाची फळी केव्हां लावावयाची व केव्हां काढावयाची, हें पेठेंतल्या दुकानदाराला आधींच ठरवून ठेवतां येतें.